चिमट्याची चीर

विहिरी तळाला गेल्या की पंपमिस्त्रीचे दिवस सुरू व्हायचे. पाणी उतरलं की मोटारी कोरड्या फिरतात, तापतात आणि जळतात. मग चार गावांतून निरोप यायला लागायचे. यंदा ऊन लवकर चढलं होतं. मिस्त्री आणि त्याची बायको उजाडताच मोटरसायकलवर निघत ते दिवे लागताना परतत. मोटार वर ओढायला माणूस लागतो, आणि भाड्याचा माणूस दुपारनंतर टिकत नाही, म्हणून लग्नाच्या दुसऱ्या वर्षापासून बायकोच दोर धरायची. लोक तिला मिस्त्रीण म्हणत. सुरुवातीला चेष्टेनं म्हणायचे, पुढे तेच नाव झालं.

त्या दिवशी टेकाडावरच्या विहिरीचं काम आटपून दोघं उतारानं खाली येत होती. गाडीवर दोघं आणि पाने-पकडींची पिशवी, बाकी काही नाही; मोटार ओढायची तिपाई आणि दोर शेतकरी मागून बैलगाडीनं धाडणार होता. वळणावर मागून टक्‌ असा आवाज आला, वाळलेली फांदी मोडावी तसा. मिस्त्रीला वाटलं दगड उडाला. पण तेवढ्यात मागचं चाक एका अंगाला लुळं पडलं, गाडी आडवी गेली आणि दोघंही रस्त्यावर घासत गेली.

मिस्त्रीचा गुडघा सोलला. मिस्त्रिणीनं पडताना हात टेकला होता. तो मनगटापासून भलत्याच बाजूला वळला होता. ती ओरडली नाही. हात मांडीवर घेऊन, ओठ गच्च मिटून रस्त्याकडेला बसली. चेहऱ्यावरचा रंग उडाला होता.

मिस्त्रीनं खांद्यावरचा पंचा काढून तिच्या गळ्यात झोळी बांधली. टेकाडावरच्या शेतकऱ्याला हाक मारली, बैलगाडी आणायला सांगितली. तेवढं झाल्यावर मात्र त्याची नजर राहून राहून गाडीकडे जायला लागली, आणि बायकोपुढे त्याला त्याची लाज वाटली.

"जा, बघा," मिस्त्रीण म्हणाली. "माझा हात काय पळून जात नाही."

तो गाडीपाशी उकिडवा बसला. मागचं चाक ज्या दोन लोखंडी दांड्यांमध्ये धरलेलं असतं, त्याला चिमटा म्हणतात. त्याची डावी दांडी जोडापाशीच तुटून तोंड वासून पडली होती. मिस्त्रीनं बोटानं कड चाचपली. वीस वर्षं तो पंपाचे पाइप आणि तिपाया वेल्डिंग करत आला होता. जोड कशानं तुटतो ते त्याला सांगायला कुणी लागत नव्हतं. वेल्डिंग लोखंडात उतरलंच नव्हतं. भिंतीला शेण थापावं तसं नुसतं वर बसलं होतं.

"काय झालं?" बायकोनं लांबूनच विचारलं.

"कुणीतरी झोपेत टाका मारलाय," मिस्त्री म्हणाला.

गाडीला अकरा महिने झाले होते. वॉरंटी दोन वर्षांची होती.

मिस्त्रिणीच्या हाताला कोपरापर्यंत प्लास्टर घातलं. दुसऱ्या दिवशी पेंडवाल्याच्या टेम्पोत गाडी टाकून मिस्त्री तालुक्याच्या शोरूमला गेला. शोरूमला रस्त्याकडून सगळी काच होती. आत गारवा होता आणि अत्तर शिंपडल्यासारखा गोडमिट्ट वास होता. कोपऱ्यात कोचाची जोडी होती. मिस्त्री बसायला गेला तर टेबलामागची मुलगी लगबगीनं उठली आणि तिनं कोचावर वर्तमानपत्र पसरलं. "बसा आता," ती म्हणाली. मिस्त्री उभाच राहिला.

समोरच्या भिंतीवर त्याच गाडीचं भलंमोठं चित्र होतं. गाडीवर दोन धट्टेकट्टे पुरुष, मधे धान्याचं पोतं, मागे पत्र्याची पेटी, आणि सगळे हसताहेत.

टाय बांधलेला एक तरुण बाहेर आला. गाडी टेम्पोतच होती. तो चार हात लांबून म्हणाला, "ओव्हरलोड केलंय, सर."

"दोन माणसं होती. मी आणि माझी बायको."

"सामान?"

"पाने-पकडी. शेळीचं पिल्लूसुद्धा त्याहून जड असेल."

"आमचा अनुभव असा आहे सर, की गावाकडे लोक गाडीचा ट्रॅक्टर करतात."

मिस्त्रीनं भिंतीवरच्या चित्राकडे बोट केलं. "ह्यांनी काय केलंय?"

"ती जाहिरात आहे, सर."

"वाकून एकदा जोड तर बघा. मी स्वतः वेल्डिंग करतो. हा मुळातच कच्चा आहे."

टायवाल्यानं विजारीच्या इस्त्रीकडे पाहिलं. वाकला नाही. "असा प्रॉब्लेम आजवर एकाही गाडीला आलेला नाही. तुमची पहिलीच केस आहे. तरी आपण कंपनीला कळवू."

"मग मी घरी नेतो. अर्ध्या तासाचं काम आहे, माझ्याकडे मशीन आहे."

"तुम्ही हात लावलात तर वॉरंटी संपली, सर." हे सांगताना मात्र त्याचा चेहरा खुलला.

मिस्त्री गाडी तिथेच ठेवून एस्टीच्या थांब्यावर आला. तोंडात तो गोडमिट्ट वास बसला होता. दोनदा थुंकला तरी जाईना.

मग पायपीट सुरू झाली. तिपाईचे तीन पाय, कप्पी, दोर आणि हत्यारं हातगाडीवर घालून मिस्त्री डांबरावरून ओढत न्यायचा. जळकी मोटार परत आणायची तीही त्यावरच. उन्हानं डांबर चपलेला चिकटायचं. जिथे दिवसाला तीन विहिरी व्हायच्या तिथे एक व्हायला लागली. मिस्त्रीण घरी बसायला तयार नव्हती. एका हातानं दोर धरायची, कमरेला वेढा द्यायची आणि अंग मागे झोकून तोलायची. प्लास्टरच्या आत घाम जाऊन कातडी कुजल्यासारखी खाजायची. ती विणायची सुई आत घालून खाजवायची आणि डोळे मिटायची.

"घरी थांब म्हटलं तर ऐकायचं नाही," मिस्त्रीची आई म्हणायची. घरचा स्वयंपाक आता म्हातारीवर आला होता.

"दोर तुम्ही धरता का, सासूबाई?"

"धरला असता. पण मग मलाच विहिरीतून काढायला कप्पी लागेल."

ओढ्यापलीकडच्या रोपवाटिकेच्या बाईची मोटार जळाली होती. तिनं तीन दिवस वाट पाहिली. चौथ्या दिवशी दोघं हातगाडी घेऊन पोचली तेव्हा विहिरीवर दुसराच मिस्त्री तिपाई लावून बसला होता. बाईनं वाफ्याकडे नुसता हात केला. हजारभर रोपं माना टाकून पडली होती.

"तुमची गाडी मोडली, त्यात माझ्या रोपांनी काय केलं होतं?" ती म्हणाली.

बारा वर्षं त्या विहिरीची मोटार मिस्त्रीनंच पाहिली होती. हातगाडी वळवताना एक चाक वाफ्याच्या कडेला रुतलं. ते काढायला तो नवा मिस्त्री पुढे आला, त्याचं त्याला जास्त लागलं.

शोरूमच्या दुसऱ्या खेपेला टायवाला म्हणाला, "कंपनीला मेल केलाय." तिसऱ्या खेपेला म्हणाला, "साहेब मीटिंगमध्ये आहेत." मिस्त्री मग आत थांबलाच नाही. मागच्या वर्कशॉपच्या आवारात आपली गाडी कुठे आहे ते बघायला गेला. भिंतीकडेला, उन्हात, धूळ खात ती उभी होती. तिच्याशेजारी दुसरी तसलीच गाडी होती, आणि तिच्यापाशी एक माणूस बसला होता. गावोगाव पाव पोचवणारा बेकरीवाला. मिस्त्री त्याला तोंडओळखीनं ओळखत होता. पण आज ते तोंडच बदललं होतं. पुढचे दोन दात नव्हते आणि वरचा ओठ शिवलेला होता.

"चिमटा?" मिस्त्रीनं विचारलं.

"डावीकडचा."

"काय म्हणाले?"

"ओव्हरलोड." दात नसल्यामुळे त्याच्या शब्दातून वारा सुटत होता. "मी म्हटलं, अहो, पाव आहेत, पाव! त्यांचं वजन ते काय! तर म्हणाला, तुमची पहिलीच केस आहे."

"मीही पहिलाच आहे," मिस्त्री म्हणाला.

दोघं एकमेकांकडे बघून हसले. बेकरीवाल्यानं लगेच ओठावर हात दाबला. टाके ओढले गेले होते.

मिस्त्रीनं दोन्ही गाड्यांचे जोड जवळून पाहिले. तीच जागा, तेच वर बसलेलं वेल्डिंग. आपल्या गाडीच्या तुटलेल्या कडेला मात्र त्याला काहीतरी वेगळं दिसलं. काळ्या रंगाखाली करडा थर होता. त्यानं खिशातून पाना काढून टोकानं खरवडलं. भुगा पडला. बोटावर घेऊन त्यानं चोळला आणि वास घेतला. लांबी होती ती. पत्र्याचे पोचे बुजवायला रंगाआधी भरतात ती लांबी.

कंपनीतून आलेल्या चिमट्यात लांबी कशाला असेल? तो मागे मागे आठवत गेला. दोन महिन्यांपूर्वी याच आवारात सर्व्हिसिंग झालं होतं. गाडी चकचकीत होऊन परत मिळाली होती. टायवाला तेव्हा म्हणाला होता, "अगदी नवरीसारखी करून दिलीय, सर." आणि मिस्त्री खूश होऊन घरी गेला होता.

म्हणजे तेव्हाच चीर पडलेली होती. कुणीतरी ती पाहिली होती. पाहून बुजवली होती, वर काळा रंग मारला होता आणि त्यावर त्याच्या बायकोला बसू दिलं होतं.

उष्ट्या ताटात हात पडावा तसं त्यानं बोट विजारीला पुसलं, पुन्हा पुसलं.

नळावर वर्कशॉपचा फोरमन हात धूत होता. पन्नाशीचा, खाली मान घालून काम करणारा माणूस. मिस्त्री त्याच्यापुढे जाऊन उभा राहिला आणि पुसूनही बोटावर राहिलेला करडा डाग दाखवला.

फोरमननं डाग पाहिला. आजूबाजूला पाहिलं. "पत्र आलंय कंपनीचं," तो हळू आवाजात म्हणाला. "पाच महिने झाले. या मालाचा डावा जोड कच्चा आहे, गिऱ्हाइकांना बोलावून चिमटे बदलून द्या असं लिहिलंय. साहेबांनी कपाटात ठेवलं."

"का?"

"गोदामात हीच गाडी चाळीसच्या वर उभी आहे. बोभाटा झाला तर कोण घेईल?"

"आणि लांबी कुणी भरली?"

फोरमननं नळ बंद केला. "मला काम आहे," म्हणाला आणि आत गेला.

घरी येऊन मिस्त्रीनं सगळं सांगितलं. म्हातारी शिव्या देत सुटली. शेवटी मिस्त्रीण म्हणाली, "उद्या मी येते."

"तू कशाला?"

"तुम्ही नुसते लोखंड दाखवता. त्यांना हाड दाखवू."

दुसऱ्या दिवशी ती शोरूममध्ये शिरली ती सरळ काचेच्या खोलीत, मॅनेजरपुढे. टायवाला "मॅडम, मॅडम" करत मागून धावला. तिनं प्लास्टरचा हात मॅनेजरच्या काचेच्या टेबलावर ठेवला. मळलेला, कडा झिजलेला, विहिरीच्या गाळाचे डाग पडलेला. टेबलावर ठक्कन आवाज झाला.

"हे तुमच्या चिमट्याचं काम," ती म्हणाली. "आणि ते पत्र कुठल्या कपाटात आहे ते सांगा, मी काढते."

मॅनेजर गुळगुळीत चेहऱ्याचा माणूस होता. पत्राचं नाव काढताच त्यानं टायवाल्याकडे पाहिलं, मग काचेतून बाहेर. बाहेर एक नवरा-बायको नवी गाडी बघत होती. बाई गाडीवर बसून आरशात केस नीट करत होती.

"ताई, बसा ना. पाणी आणा रे," मॅनेजर म्हणाला. "एवढ्या लहान गोष्टीसाठी तुम्ही का त्रास घेतलात? आजच बदलून देतो. आत्ता."

तीन खेपांत जे झालं नव्हतं ते दोन तासांत झालं. फोरमननं मान वर न करता चिमटा बसवला. मग मॅनेजरनं एक कागद पुढे केला. "फक्त एक सही."

मिस्त्रीनं पेन उचललं. त्याला घरी जायचं होतं, विहिरी थांबल्या होत्या. मिस्त्रिणीनं कागद ओढून घेतला आणि मोठ्यानं वाचायला लागली, शाळेत धडा वाचतात तशी. "'मी लिहून देतो की, गाडीवर क्षमतेपेक्षा जादा वजन वाहिल्यामुळे सदर भागाचे नुकसान झाले. तरीही विक्रेत्याने केवळ सद्भावनेने...'"

"ताई, हळू."

"का? चांगलं लिहिलंय की." तिनं आवाज आणखी चढवला. काचेचं दार उघडंच होतं. "'...केवळ सद्भावनेने भाग बदलून दिला. माझी कोणतीही तक्रार नाही.' आणि हा हात? ह्याची तक्रार आहे का नाही, ते कुठे लिहिलंय?"

बाहेरची बाई गाडीवरून उतरली. "कुठला भाग हो?" तिनं विचारलं.

"मागचा चिमटा," मिस्त्री म्हणाला. त्या दिवशी शोरूममध्ये तो तेवढंच बोलला. "डावीकडचा जोड बघून घ्या."

मॅनेजरनं कागद घेऊन चुरगाळला. "जा तुम्ही. सही नको, काही नको. जा." ती नवरा-बायको त्यांच्या आधीच दाराबाहेर पडली होती.

येताना गाडीवर मिस्त्रीण खूप दिवसांनी हसली. मिस्त्रीही हसला. पण घरी आल्यावर त्याला राहवेना. बॅटरी घेऊन तो गाडीखाली आडवा झाला. नवा चिमटा, नवा रंग. त्यानं डाव्या जोडावरचा रंग ग्राइंडरनं थोडा उडवला आणि बघत राहिला. बराच वेळ उठला नाही.

"झोप लागली का?" म्हातारीनं विचारलं.

"तेच आहे," तो खालून म्हणाला. "तेच वेल्डिंग. तसंच वर थापलेलं."

मिस्त्रीण दारात आली. तिचं हसू गेलं होतं. "म्हणजे पुन्हा पडायचं?"

मिस्त्री बाहेर आला आणि भिंतीपाशी जाऊन ओकला. तीन आठवडे आत साठलेलं सगळं बाहेर पडलं, तरी तोंड कडूच राहिलं. मग त्यानं चूळ भरली, मशीन बाहेर ओढलं, चिमटा काढला. जुना जोड पार खरवडून टाकला, रॉडचा टाका आतपर्यंत उतरवला आणि दोन्ही अंगांना जाड पट्ट्या बसवल्या. वॉरंटी संपली. त्याला तिची आता किळसच आली होती.

चार दिवसांनी बेकरीवाला गाडी घेऊन आला. त्याच्यामागे दूधवाला, मग एक शाळामास्तर. कुणाचा चिमटा तुटलेला, कुणाला नुसती केसासारखी चीर. मिस्त्री आधी ज्याची त्याची चीर त्यालाच दाखवायचा, बोट लावायला सांगायचा, मग पट्ट्या मारायचा. पंपाची कामं आटपून दुपारी तेच चालायचं.

एका दुपारी अंगणात छोटा टेम्पो थांबला. फोरमन उतरला. चिमट्यांनी भरलेली पोती त्यानं अंगणात उतरवली.

"साहेबांनी पाठवलंय," तो म्हणाला. "गोदामातल्या गाड्यांचे आहेत. तुम्ही पट्ट्या मारून द्या, रंग आम्ही देऊ. कामाचा दाम साहेब म्हणाले तुम्ही सांगाल तो."

"मला जो दिलात तो कुठला होता?" मिस्त्रीनं विचारलं.

"ह्यातलाच. नवा माल साहेबांनी मागवलाच नाही. मागवायचा तर गिऱ्हाइकांना कळवलं असं कंपनीला लिहून द्यावं लागतं."

"आणि त्या विकलेल्यांचं काय?" मिस्त्रीण पुढे आली. "ज्यांच्यावर माणसं बसून फिरताहेत?"

"त्यांचं साहेब काही बोलले नाहीत."

"म्हणजे खपायच्या राहिल्यात त्यांचीच तेवढी काळजी." तिनं पोत्याला पायानं ढोसलं. "ते पत्र शोरूमच्या दारावर चिकटवा. ज्यांच्या ज्यांच्या गाड्या आहेत त्यांना बोलवा. मग चिमटे आणा, आम्ही फुकट करू."

"माझी नोकरी जाईल, वहिनी."

"मग पोती उचला."

फोरमननं पोती उचलली नाहीत. टेम्पोच्या फळीला हात लावून तसाच उभा राहिला. उन्हानं त्याच्या कानशिलावरून घाम ओघळत होता.

"लांबी मीच भरली होती," तो म्हणाला. "तुमच्या गाडीला. आणखीही दहा-बाराला. साहेब म्हणाले, तात्पुरतं भर, पुढचं बघू."

म्हातारी धान्य निवडत बसली होती, तिचे हात थांबले. मिस्त्रीला वाटलं, ह्याच्या कानाखाली एक ठेवून द्यावी. पण हात उचलायचीसुद्धा त्याला शिसारी आली.

"मिस्त्री," फोरमन म्हणाला, "माझ्या धाकट्या भावाकडेही हीच गाडी आहे. पोराला मागे बसवून रोज शाळेत सोडतो. उद्या आणू का?"

मिस्त्रीला आधी नीट समजलंच नाही. मग समजलं.

"पत्र येऊन पाच महिने झाले म्हणालात."

"हो."

"पाच महिने तो त्या गाडीवर फिरतोय, आणि तुम्ही सांगितलं नाहीत? सख्ख्या भावाला?"

"तो भडक डोक्याचा आहे. सांगितलं असतं तर शोरूमवर येऊन गावभर केलं असतं."

मिस्त्रिणीनं तोंड फिरवलं आणि ती घरात निघून गेली. मिस्त्री त्या माणसाकडे बघत राहिला. टायवाल्याचा राग त्याला सोसला होता, मॅनेजरचाही. हे मात्र गिळवेना. त्यानं एकेक पोतं उचलून टेम्पोत भिरकावलं. फोरमन मुकाट्यानं टेम्पोत चढायला लागला.

"थांब," मिस्त्री म्हणाला. "कुठे असतो भाऊ?"

"पुलापलीकडे. तीन कोस आहे इथून. उद्या सकाळी त्याला घेऊन—"

"उद्या नाही. आत्ता जा. शाळा सुटायच्या आत जा." मिस्त्रीनं मशीनची वायर उलगडायला घेतली. "आणि कुणी वर बसायचं नाही. तू नाही, तो नाही. ढकलत आण."